फौजी, गुप्त मोहीम, मानवी तस्करी आणि प्रेम: पहिली रोमँटिक सस्पेन्स कादंबरी लिहायला बसताय तर

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वाचायला येणाऱ्या कच्च्या लिखाणात एक सीन हमखास असतो. हिरो मेजर, वेळ रात्री तीन, एमआयडीसीतल्या बंद गोडाऊनवर धाड, आत बांधून ठेवलेली मुलगी, हिरो तिला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणतो आणि तिथंच ती त्याच्या प्रेमात पडते. लिहिणारी पोरं-पोरी मनापासून लिहितात, भाषाही चांगली असते, पण वाचून संपलं की मला त्या मुलीचं नावसुद्धा आठवत नाही कारण लेखकानं ते एकदाच घेतलेलं असतं. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि माझी एक जवळची मैत्रीण बरीच वर्षं सुटका झालेल्या मुलींसोबत समुपदेशनाचं काम करते, या दोघांना प्रश्न विचारून विचारून मी या विषयावर लिहायला शिकले, तर जे उपयोगी पडलं ते क्रमानं सांगते.

१. आधी विश्वासाचं गणित मांडा

प्लॉट नंतर. आधी कागदावर तीन माणसं लिहा: तस्कर, गुप्त मोहिमेवरचा फौजी आणि प्रेम करणारा माणूस. आता बघा, ही तिघंही एकच काम करत असतात, समोरच्याचा विश्वास कमावत असतात. तस्कर तो विकायला कमावतो, गुप्तहेर खोटं नाव सांगून पण चांगल्या कामासाठी कमावतो आणि प्रियकराला तो नुसता हवा असतो, पुढं काही करायचं नसतं. या प्रकारच्या कादंबरीतला सगळा रोमान्स आणि सगळा सस्पेन्स इथूनच निघतो, की समोरचा माणूस या तिघांतला नक्की कोण हे नायिकेला, त्या फसलेल्या मुलीला आणि वाचकाला कशावरून कळणार. बंदुका, गाड्या, पाठलाग हे सगळं त्यावरचं फोडणीचं काम आहे. पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नाला धरून करा.

२. तस्करीचा एकच प्रकार निवडा

मानवी तस्करी म्हटलं की नव्या लेखकाच्या डोळ्यासमोर रेड लाइट एरिया येतो आणि विषय तिथंच थांबतो. संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो प्रोटोकॉल २००० सालचा आहे, भारतानं तो २०११ मध्ये मान्य केला, त्यात व्याख्या तीन भागांची आहे: माणसाला नेणं किंवा ठेवणं, त्यासाठी वापरलेला मार्ग म्हणजे धाक, फसवणूक, मजबुरीचा फायदा, आणि शेवटी शोषणाचा हेतू. त्यात वेठबिगारी पण येते, मग ऊसतोडीची उचल आठवा. मुकादमानं हंगामाआधी दिलेली उचल फिटता फिटत नाही आणि पुढच्या वर्षी जोडपं परत त्याच कोयत्यावर, प्रत्येक उचल म्हणजे तस्करी असं नाही, पण कुठं धमकी सुरू होते आणि माणसाला फडावरून हलू देत नाहीत ती रेषा शोधली तर कादंबरी तिथं आहे.

मला स्वतःला लग्नाचा विषय सगळ्यात जास्त टोचतो. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. ते मुलगे आज पंचविशीत-तिशीत आहेत आणि गावोगावी आपण ऐकतोय की पोराला मुलगी मिळंना. अशा घरात एक एजंट येतो, परराज्यातली गरीब घरची मुलगी दाखवतो, पैसे घेतो, देवळात हार घालून लग्न लागतं. मुलीला सांगितलेलं असतं की कंपनीत काम आहे. इथं व्हिलनच्या घरात टीव्हीवर मालिका चालू असते आणि सासू प्रेमानं चहा पण देते, म्हणून हे लिहायला अवघड आणि म्हणूनच लिहिण्यासारखं.

तिसरा प्रकार सध्याचा, डेटा एंट्रीची नोकरी म्हणून थायलंडला बोलवायचं आणि तिथून म्यानमारमधल्या सायबर फ्रॉडच्या अड्ड्यात कोंडायचं. मार्च २०२५ मध्ये अशा अड्ड्यांतून सुटलेल्या शेकडो भारतीयांना थायलंडच्या माय सोतहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. यात फसणारे बरेचसे शिकलेले, कॉम्प्युटर येणारे तरुण मुलगे असतात, म्हणजे तुमच्या गोष्टीत सुटका करून घेणारा मुलगा असू शकतो आणि सोडवायला जाणारी बाई.

३. तुमचा फौजी तिथं कोणत्या अधिकारानं उभा आहे

इथं बहुतेकांची कादंबरी लंगडी पडते. देशाच्या आत तस्करीचा तपास हे पोलिसांचं काम, जिल्ह्यात त्यासाठी अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो, आणि प्रकरण मोठं, राज्याराज्यांत पसरलेलं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एनआयए म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा पण तपास करू शकते. सर्व्हिसमधला मेजर स्वतःच्या मनानं शिरोली एमआयडीसीत धाड टाकत नाही, टाकली तर कोर्टमार्शलच व्हायचं. नेपाळ बॉर्डरवर गोष्ट न्यायची असेल तर तिथं सशस्त्र सीमा बल आहे, बांगलादेश बॉर्डरवर बीएसएफ, ही गृहखात्याची दलं, आर्मी नव्हे, त्यांचा युनिफॉर्म आणि रँक वेगळी, हे आधी बघून घ्या.

पण कायद्यात एक भारी दार आहे आणि ते मला सापडलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागी होते. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला पोलीस आणि पत्रकार पिटा म्हणतात, त्याच्या कलम १३ मध्ये तरतूद आहे की जिल्हा दंडाधिकारी ठराविक प्रकरणांसाठी रिटायर लष्करी अधिकाऱ्याला विशेष पोलीस अधिकाऱ्याचे अधिकार देऊ शकतात. अट एकच, रिटायर होताना तो कमिशन्ड ऑफिसर असला पाहिजे. म्हणजे लेफ्टनंटपासून वरचे बसतात, सुभेदार-हवालदार बसत नाहीत.

आता याचा गोष्टीसाठी उपयोग बघा. नायिका शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठराविक वर्षांची लष्करी नोकरी, करून बाहेर पडलेली कॅप्टन, तिला कलेक्टर ऑफिसातून अधिकाराचं पत्र मिळालंय. नायक रिटायर हवालदार. २०२२ च्या आधी भरती झालेल्या जवानाला पंधरा वर्षांच्या सर्व्हिसवर पेन्शन बसते म्हणजे तो पस्तीस-छत्तीसचा तरणाबांड गडी आहे, अंगात सगळं ट्रेनिंग आहे, पण त्याच्याकडे कागद नाही, तो पोलिसांचा खबरी म्हणून ट्रकवर क्लीनर झालाय. धोका त्याच्या वाट्याला आणि अधिकार तिच्या. दोघांत रँकची भिंत, घरच्या परिस्थितीची भिंत, आणि तरी एकमेकांशिवाय काम होत नाही. नुसत्या मेजरपेक्षा हे किती पटीनं बरं आहे सांगा. आणि आपल्या कोल्हापूर भागातनं, शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांतनं पिढ्यान्‌पिढ्या पोरं भरती होतात ती बहुतेक जवान म्हणूनच, हवालदाराला हिरो केलं की वाचणाऱ्याला आपला मामा, आपला चुलता दिसतो. नायिका पण जवान हवी असेल तर लष्करी पोलिसांत महिला जवानांची पहिली तुकडी २०२१ मध्ये दाखल झाली, त्यावरून तिचं वय बसवा.

४. सोंग कुठं उघडं पडतं ते ठरवा

गुप्त ओळख म्हणजे नुसती दाढी वाढवणं नव्हे. घरात फौजी असेल तर त्याला आठवडाभर बघा. माझे वडील रिटायर होऊन वीस वर्षं झाली, अजून घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला घालतात, चहाच्या आधी दाढी, अंथरूण चौकोनी घडी घातल्याशिवाय खोलीतनं बाहेर यायचं नाही, आणि हॉटेलात मिसळ खायला गेलो तर भिंतीला पाठ आणि तोंड दाराकडं अशीच खुर्ची धरतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत चालताना त्यांचं पाऊल आपोआप जुळतं. लहानपणी मी मुद्दाम पाऊल मोडायची आणि ते न बघता परत जुळवायचे. हेच मी माझ्या गोष्टीत वापरलं, शिवाजी पुलावर:

ती पाण्याकडं बघत चालली होती. निम्म्यात आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपला डावा पडतो तेव्हा याचाही डावाच पडतोय. तिनं पाऊल मोडलं. चौथ्या पावलाला त्यानं जुळवलं.

"सर्व्हिस किती झाली?"

"कसली? क्लीनर हाय मी. सहा महिनं झालं गाडीवर."

ती थांबली नाही. "उद्यापासून माझ्यासोबत चालू नका," ती म्हणाली. "आणि त्यांच्यासोबत चालताना पाय ओढत चाला. मला कळलं, त्यांनाही कळंल."

तो काही बोलला नाही. पूल संपेपर्यंत पाय ओढत चालला.

बघा, यात प्रेमाचा शब्द नाही. पण एकानं दुसऱ्याचं खरं रूप ओळखलं आणि ते वापरलं नाही, उलट झाकायला मदत केली. पहिल्या पायरीतलं विश्वासाचं गणित इथं सुरू होतं.

५. व्हिलनला मायेनं बोलायला लावा

नव्या लेखकांचा तस्कर सिगारेट ओढत हसतो. खऱ्या गोष्टींत मुलीला घरातून नेणारं माणूस बहुतेक वेळा ओळखीचं असतं, लांबची मावशी, शेजारची ताई, नाहीतर दोन महिने फोनवर गोड बोलणारा मुलगा. त्या मुलाचे पहिले सीन आणि तुमच्या नायकाचे पहिले सीन शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोघंही लक्ष देतात, वाट बघतात, गिफ्ट आणतात? मग फरक कशात दाखवणार? माझं उत्तर असं, तस्कर तिला हळूहळू बाकीच्यांपासून तोडतो. आईला सांगू नको, मैत्रिणीला कशाला सांगतीस, फोन माझ्याकडं राहू दे. नायकाच्या वागण्यात उलटी दिशा पाहिजे, त्यानं तिला चार माणसांशी जोडून द्यावं.

आणि एक वस्तू द्या. माझ्या गोष्टीत ती चप्पल आहे. गावातली मावशी मुलीला कोल्हापूर स्टँडवर उतरवते आणि म्हणते, "अगं बाळा, या तुटक्या चपला घालून कंपनीत जाणार व्हय? चल, माझ्या लेकीसारखी तू." स्टँडसमोरच्या दुकानातनं लाल पट्ट्याची नवीन चप्पल घेऊन देते, मुलगी खुश, वाचक पण खुश. तीन प्रकरणांनंतर एक वही उघडते आणि पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं: चप्पल २५०. खाली तिकीट, जेवण, साबण, खोलीभाडं. प्रेमानं दिलेली प्रत्येक गोष्ट तिच्या नावावर कर्ज म्हणून चढलेली. माणसाला कर्जात अडकवून ठेवायची पद्धत समजावून सांगायला चार पानं घालवू नका, ती वही दाखवा. पुढं हीच वही पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून जप्त होते आणि कोर्टात बोलते.

६. घड्याळ आपल्या गावातलं लावा

सस्पेन्सला मुदत लागते. बॉम्बचं टायमर कशाला, आपल्याकडं पंचगंगा आहे की. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली. आता विचार करा, मुली असलेली गाडी कोगनोळी नाका ओलांडून कर्नाटकात जायच्या आधी अडकली आहे, व्हिलनला पाणी उतरायला हवंय, नायकाला ते चढायला हवंय, आणि पाणी चढलं तर हजारो घरं जाणार आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या वर नुसता फुटाचा आकडा लिहा. वाचक पान उलटणारच.

सालाप्रमाणे कायदा मात्र बघा. २०१९ च्या पुरातली गोष्ट असेल तर तस्करीचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० खाली, १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १४३.

७. प्रेम: तुम्हीवरून तूवर कधी यायचं

मराठीत लिहितोय याचा हा सगळ्यात मोठा फायदा. मावशी पहिल्या वाक्यात "तू" आणि "बाळा" म्हणते. हवालदार कॅप्टनला "मॅडम" म्हणतो, ती त्याला "तुम्ही", आणि हे तुम्ही तुम्ही दोनशे पानं चालू द्या. मग एकदाच, नीट विचार करून, विचारून: "तुम्हाला तू म्हटलं तर चालेल?" हा सीन मी चार वेळा लिहिला आणि चौथ्या वेळी कळलं की प्रश्न त्यानं विचारायचा नाही, तिनं विचारायचा, कारण रँक तिची मोठी, तिनं हुकूम केला तर तो नाही म्हणणार नाही, म्हणून तिनंच विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. तो त्या रात्री उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणतो, "तू जेवलीस?" बास.

एक गोष्ट मात्र करू नका, हात जोडून सांगते. सुटका झालेल्या मुलीचं आणि सुटका करणाऱ्याचं प्रेम लगेच जुळवू नका. ती मुलगी अजून घाबरलेली आहे, उपकाराखाली आहे, कुठं जायचं माहीत नाही, अशात तिनं "हो" म्हटलं तरी ते कशाच्या जोरावर? कलम १४३ मध्ये स्पष्ट आहे की तस्करी झाली का हे ठरवताना पीडितेची संमती बघितली जात नाही, कारण ती संमती फसवून किंवा धाकानं काढलेली असते. कायद्याला जे कळलं ते लेखकाला कळायला हवं. प्रेम बरोबरीच्या दोघांत ठेवा, आणि त्या मुलीला तिची स्वतःची गोष्ट द्या.

८. धाड म्हणजे मध्यंतर

धाडीचा सीन लिहा की, झकास लिहा, पण नियमात. आधी बनावट गिऱ्हाईक पाठवून खात्री करतात. पिटाच्या कलम १५ प्रमाणे वॉरंट नसताना झडती घेताना दोन पंच लागतात आणि त्यातली एक तरी बाई लागते, सोबत महिला पोलीस पण हव्यात. मला ही पंच बाई फार आवडते. रात्री अकरा वाजता झोपेतनं उठवलेली, साडीवर स्वेटर घातलेली एक साधी बाई, जिनं आजवर पोलीस स्टेशनची पायरी चढलेली नाही, तिच्या डोळ्यांनी धाड दाखवून बघा, हिरोच्या डोळ्यांनी दाखवण्यापेक्षा दसपट अंगावर येते.

आणि खरी कादंबरी इथून पुढं. सुटका झालेल्या मुलीला दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करतात, वयाची, घरच्यांची चौकशी होते, कलम १७ प्रमाणे त्यासाठी तीन आठवड्यांपर्यंत तिला सुरक्षित ठिकाणी ठेवता येतं. अल्पवयीन असेल तर बालकल्याण समितीकडं. हे तीन आठवडे सस्पेन्सचे आहेत, कारण मावशीची माणसं तिच्या घरी पोचलेली असतात आणि वडील म्हणून जो न्यायला येतो त्यानंच तिला पाठवलं होतं का हे कुणालाच माहीत नसतं.

माझी मैत्रीण सांगते, पहिले काही दिवस बऱ्याच मुली सुटका करणाऱ्यांवरच चिडलेल्या असतात. "मला परत सोडा" म्हणतात. मी विचारलं का, तर म्हणाली, डोक्यात ती वही असते गं, पैसे फिटले नाहीत तर घरच्यांचं काय करतील ही भीती असते, आणि आजपर्यंत जो जो गोड बोलला त्यानं विकलं, मग मी गोड बोलले तर ती माझ्यावर का विश्वास ठेवेल? म्हणून मैत्रीण पहिल्या दिवशी फार बोलतच नाही. खोलीची कडी आतून कशी लागते ते दाखवते आणि बाहेर जाऊन बसते. मी हे जसंच्या तसं उचललं नाही, तिला विचारून, बदलून घेतलं. पण माझ्या कादंबरीतला सगळ्यात चांगला सीन तोच आहे, मुलगी रात्री चार वेळा कडी लावते, काढते, लावते, आणि बाहेर कॅप्टन नुसती बसून आवाज ऐकते.

९. काय लिहायचं नाही

पेपरातली खरी केस नाव बदलून उचलू नका. आपल्याकडं गाव, कॉलेज, आडनाव यातलं एक जरी कळलं तरी संध्याकाळपर्यंत मुलगी कोण ते कळतं, आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. अत्याचाराचे सीन खोलीच्या आत नेऊ नका. दार बंद झालं, बाहेर लाल चप्पल राहिली, एवढं पुरतं. अल्पवयीन मुलीबाबत तर त्याहून कमी. आणि एखाद्या समाजाला, राज्यातून आलेल्या लोकांना सरसकट गुन्हेगार करू नका, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करायला लांबून आलेला माणूस स्वतःच फसलेला असू शकतो.

१०. लिहून झाल्यावर

ऑनलाइन भाग टाकणार असाल तर बाराशे ते पंधराशे शब्दांचा भाग बरा पडतो, पण निम्मी कादंबरी हातात असल्याशिवाय पहिला भाग टाकू नका, मध्येच अडकलात तर वाचक सोडून जातो. कायद्याची पुस्तकं, जुने पेपर बघायला कोल्हापुरातल्या करवीर नगर वाचन मंदिरात जा, १८५० पासूनची संस्था आहे, शांत बसायला मिळतं. मग एखाद्या फौजीला आणि एखाद्या बाईला, दोघांना वेगवेगळं, मोठ्यानं वाचून दाखवा. माझ्या वडिलांनी एकाच ठिकाणी थांबवलं होतं. धाडीच्या आधी हिरो दीड पान देशभक्तीवर बोलत होता. म्हणाले, "त्या टायमाला कोण बोलत नसतंय. बुटाची लेस परत बघतात." भाषण काढलं, लेस ठेवली.

प्रत्येक भागाच्या खाली मी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे नंबर देते, आणि परदेशातल्या नोकरीचा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा अशी एक ओळ. चप्पलवाला भाग टाकल्यावर गडहिंग्लजकडच्या एका मुलीचा मेसेज आला, थायलंडला ऑफिसचं काम, तिकीट कंपनीच काढणार, एजंट दादा फार चांगले आहेत, आईला एवढ्यात सांगू नको म्हणालेत. मी तिला एवढंच लिहिलं की आधी आईला सांग आणि मग दोघी मिळून यादीत नाव शोधा. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. नाव नव्हतं.